आमच्या घरचे थंडीचे काम

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांचे पत्र आम्हांस आले त्यात दोन आज्ञा होत्या. आमच्या घरातून दरवर्षी निराश्रितांना जे थंडीचे कपडे दिले जातात त्याविषयी संमेलनात चार शब्द बोलावेत, ही पहिली. भाषणाबरोबर स्मरणिकेत छापण्यासाठी वाटपप्रसंगीचे एखादे चांगले छायाचित्र पाठवावे, ही दुसरी. पहिली आज्ञा आम्ही पाळीत आहोत. दुसरी आम्हांस पाळता येत नाही, आणि ती का पाळता येत नाही हे सांगणे हाच आजच्या भाषणाचा मुख्य भाग आहे.

आम्ही वक्ते नाही. मॅट्रिक झालो, शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि सारा जन्म प्राथमिक शाळेत मुलांना शिकविण्यात घालविला. चौथीच्या वर्गाला शिकविणाऱ्या माणसास प्रत्येक गोष्ट दोनदा सांगण्याची खोड जडते. ती आज दिसल्यास क्षमा असावी.

१९७२ सालच्या दुष्काळाची आठवण ह्या सभेतील पुष्कळांस असेल. आपल्या नाशिक जिल्ह्यातील सिन्नर, येवले, नांदगाव ह्या बाजूंचे तालुके मूळचेच कमी पावसाचे. त्या वर्षी तर तेथे पेरलेले उगवले नाही. सरकारने खडी फोडण्याची कामे काढली, सुकडी वाटली; तरी कित्येक कुटुंबे भांडीकुंडी घेऊन शहरात आली आणि गंगेच्या घाटावर राहू लागली. आमच्या तीर्थरूपांचे जुन्या नाशकात दोन मशिनींचे दुकान होते. शाळेच्या खाकी चड्ड्या, पांढरे सदरे आणि लेंगे हे मुख्य काम. बेतताना जे कातरण निघे ते एका गोणपाटात साठवून ठेवीत, आणि गोणी भरली की एक व्यापारी ती वजनावर घेऊन जाई. यंत्रे पुसण्यासाठी कारखान्यांत त्यास गिऱ्हाईक असे. दिवाळीच्या फराळाचे तेल ह्या गोणीच्या पैशांतून येते, असे मातुःश्री म्हणत.

एके दिवशी दिवेलागणीस एक बाई कडेवर मूल घेऊन दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. भीक मागणारी दिसत नव्हती. तिने थोड्या चिंध्या मागितल्या. कशाला, म्हणून तीर्थरूपांनी विचारले, तेव्हा म्हणाली, “शेकोटीत घालायला. घाटावर लाकूड मिळत नाही.” आम्ही त्या वेळी सातव्या इयत्तेत होतो आणि दुकानातच काजे-बटणे करीत बसलो होतो. तीर्थरूपांनी गोणीत हात घातला. तेवढ्यात मातुःश्री आतून आल्या आणि म्हणाल्या, “कापड जाळायला द्यायचे नाही. बाई, तू उद्या ये.”

त्या रात्री मातुःश्रींनी दोन जुनी लुगडी काढली आणि शेजारच्या दोघीजणींना हाक मारली. दुसऱ्या दिवशी ती बाई आली तेव्हा तिच्या हाती गोधडी पडली. तिसऱ्या दिवशी तिच्याबरोबर आणखी दोघी आल्या. त्या हिवाळ्यात आमच्या घरातून अकरा गोधड्या घाटावर गेल्या, आणि पुढल्या दिवाळीत फराळाला तेल कमी पडले. आमच्या घरात ह्यास कोणी धर्मादाय म्हटले नाही, दानही म्हटले नाही. ‘थंडीचे काम’ एवढेच त्याचे नाव पडले व तेच अजून चालते.

गोधडी कशी करतात हे आपल्या शिंपी समाजास सांगणे म्हणजे कोळ्यास पोहणे शिकविण्यासारखे आहे. परंतु हल्ली आपल्या घरांतही गाद्या-रजया विकत येतात आणि लहान मुलींनी गोधडी भरताना पाहिलेली नसते, म्हणून थोडे बोलतो. खाली एक जुने लुगडे पसरावयाचे, चारी कोपऱ्यांस वरवंटा, पाटा, जे सापडेल ते ठेवून ते ताणून घ्यावयाचे. त्यावर कातरणाचे थर. मोठे तुकडे आधी, बारीक मागून, आणि कोठेही उंचवटा नको. वर दुसरे लुगडे. मग कड दुमडून धावदोरा घालावयाचा आणि तसेच कडेकडेने फिरत मध्यापर्यंत पोचावयाचे. ओळी विरळ पडल्या तर पहिल्या धुण्यात आतले कातरण सरकून एका बाजूस जमते, व जेथे ते उरत नाही तेथून थंडी आत शिरते. मातुःश्री दोन ओळींमध्ये बोटभरही अंतर राहू देत नसत.

टेरिकॉटचे दिवस आले तेव्हा दुकानात त्या कातरणाचा ढीग पडू लागला. तो मातुःश्री गोधडीत घालीत नसत. एक तर ते कापड गुळगुळीत, आत बसत नाही. दुसरे, घाटावरची माणसे शेकोटीला टेकून झोपतात. ठिणगी पडली तर सुती कापडाला भोक पडते, पण टेरिकॉट वितळून अंगाला चिकटते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला हे कोणी सांगितले असेल? इस्त्री जास्त तापली म्हणजे काय होते, हे तिने दुकानात पाहिले होते.

तीर्थरूप १९८९ साली वारले. दुकान थोरल्या बंधूंनी पुढे सात वर्षे चालविले. तयार कपड्यांच्या लाटेत लहान दुकानांचे काय झाले ते ह्या सभेत कोणास सांगावयास नको. येथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरांत एखादी मशीन फडक्याखाली झाकलेली असेल. १९९६ साली आमचे दुकान बंद झाले. दुकान नाही म्हणजे कातरण नाही, आणि मातुःश्रींचे डोळेही तोवर मंदावले होते. तेव्हा आम्ही दोघा बंधूंनी ठरविले की वर्गणी काढून ब्लँकेटे विकत घ्यावीत.

येथून आमची चूक सुरू झाली. ती एकदम झाली नाही. पहिल्या वर्षी २५ ब्लँकेटे घेतली, मग ५१, मग १०१. संख्या वाढते तसे बरे वाटते. मग कोणी सुचविले की कोपऱ्यावर घराण्याचे नाव छापून घ्यावे; तेही केले. मग कापडी फलक आला, छायाचित्रकार आला. मकरसंक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी रामकुंडाजवळ टेबल मांडावयाचे, मंडळाच्या पदाधिकाऱ्यांस बोलवावयाचे, रांग लावावयाची आणि तासाभरात मोकळे व्हावयाचे, असा क्रम बसला. पूर्वी मातुःश्री आणि आम्ही रात्री कंदील घेऊन घाटावर फिरत असू व ज्याला पाहिजे त्याच्या उशाशी गोधडी ठेवीत असू. ते सारे मागे पडले.

ब्लँकेटांविषयीही दोन शब्द. वाटपाची राखी रंगाची स्वस्त ब्लँकेटे पुष्कळशी हरियाणातील पानिपतहून येतात. जुने लोकरी कपडे, त्यांतले बरेचसे परदेशांतून आलेले, तेथे फाडून-पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढतात. टाकाऊ कापडाचा उपयोग करण्यात वाईट काही नाही. आमची गोधडी तरी दुसरे काय होती? परंतु पिंजलेल्या लोकरीचे तंतू आखूड असतात, आणि स्वस्तातल्या मालाचे विणकाम सैल. शिंप्याच्या मुलाने ते दोन बोटांत धरून उजेडासमोर केले असते तर पलीकडचे दिसले असते. आम्ही ते केले नाही. आम्ही नग मोजले.

२०११ सालच्या जानेवारीत एका बुधवारी थोरले बंधू भाजीसाठी घाटावरच्या बाजारात गेले. जुन्या कपड्यांच्या ढिगात त्यांना आमचे ब्लँकेट दिसले. कोपऱ्यावर घराण्याचे नाव होतेच. वाटप होऊन आठ दिवसही झाले नव्हते. बंधू रागाने साठ रुपये देऊन आमचेच ब्लँकेट विकत घेऊन घरी आले, ते ओटीवर टाकले आणि म्हणाले, “पुढल्या वर्षीपासून बंद. ह्या लोकांना गरज नाही.”

आम्हांसही तसेच वाटले. परंतु शिक्षकाच्या पेशात एक गोष्ट अंगवळणी पडते. मुलाचे उत्तर चुकले तर ते कसे चुकले हे त्यास विचारल्यावाचून राहवत नाही. ब्लँकेट विकणाऱ्याकडून ते कोणी दिले हे समजून घेतले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तेथे गेलो. साठीच्या घरातली बाई होती. फुलवाती विकीत असे. रागावून विचारावयाचे ठरवून गेलो होतो, पण तिने बसावयास आपले पोते पुढे केले, त्यामुळे आवाज चढविता आला नाही.

ती म्हणाली, “भाऊ, त्या आठवड्यात मला पाच मिळाली. तुमचं एक, बाकी चार दुसऱ्यांची. संक्रांतीला सगळेच येतात. सकाळी घाट मोकळा करावा लागतो, डोक्यावर किती वाहू? ठेवायला जागा कुठं आहे? दोन ठेवली, तीन विकली. त्या पैशात दम्याचं औषध घेतलं.”

आम्ही विचारले, “मग दोन का ठेवली?”

“एक खाली, एक वर. थंडी वरून नाही येत भाऊ, फरशीतून येते.”

सज्जनहो, ह्या वाक्याने आमची जी फजिती झाली ती कबूल केलीच पाहिजे. उष्णतेचे वहन हा धडा आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो. गरम पाण्यात लोखंडी पळी आणि लाकडी पळी ठेवून कोणती आधी तापते हे मुलांना दाखविले होते. दगड हा उष्णता ओढून घेतो आणि थंड दगडावर निजलेल्या माणसाच्या अंगातील ऊब रात्रभर खाली जात राहते, हे आमच्या पुस्तकातच होते. पांघरूण स्वतः ऊब देत नाही. त्याच्या थरांत अडकलेली हवा अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. अंगाखाली पांघरूण दबले की ती हवा निघून जाते, म्हणून खाली जाड थर लागतो. दंवाने कापड भिजले की हवेच्या जागी पाणी येते आणि मग पांघरूण असून नसल्यासारखे होते. गोधडीत थरावर थर का घालतात हे आम्हांस कोणी विचारले असते तर जुनी पद्धत म्हणून सांगितले असते. घाटावरच्या बाईने ते पाठीने शिकले होते.

शरीराची उष्णता साधारण ३७ अंश सेल्सियस असते. ती ३५ च्या खाली गेली की धोका सुरू होतो. आधी माणूस कापतो. पुढे कापणे थांबते, बोलणे अडखळते, गुंगी येते. पाहणारास वाटते, बरे झाले, झोप लागली. कित्येक जण थंडीसाठी म्हणून दारू घेतात. तिने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरून गरम वाटते आणि आतली ऊब अधिक वेगाने बाहेर पडते. आपल्याकडे थंडी ती काय असे पुष्कळांस वाटते. निफाडचा पारा काही हिवाळ्यांत दोन-तीन अंशांपर्यंत उतरल्याचे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. द्राक्षबागांत शेकोट्या पेटविल्याचेही वाचतो. द्राक्षांची काळजी रास्तच आहे. घाटावरची बातमी मात्र क्वचित येते.

त्या वर्षी घरात बैठक झाली. ब्लँकेटांवर नाव छापणे थांबले. आमच्या सुनांनी आणि पुतणीने पुन्हा गोधड्या करावयास घेतल्या. ज्ञातिबांधवांपैकी ज्यांचे गणवेशांचे कारखाने आहेत त्यांच्याकडून सुती कातरण मिळू लागले. मातुःश्री तेव्हा हयात होत्या. दिसत नव्हते, तरी शिवलेल्या गोधडीवरून तळहात फिरवून कोठे थर पातळ पडला ते सांगत. प्रत्येक गोधडीबरोबर खाली अंथरावयास ताडपत्रीचा तुकडा द्यावयाचे ठरले. एका दिवसात सारे वाटण्याऐवजी कार्तिकअखेरीपासून थोडे थोडे द्यावे, आणि काय हवे ते आधी विचारावे, असेही ठरले. विचारल्यावर कळले की कोणास पायमोजे हवे, कोणास पुढून बटणांचा स्वेटर हवा, कारण खांदा दुखत असल्याने डोक्यावरून घालता येत नाही. बायकांना आतले कपडे हवे होते, जे कोणी देत नाही आणि त्या पुरुषांजवळ मागत नाहीत. ते काम आमच्या सौभाग्यवतींनी आपल्याकडे घेतले.

आता छायाचित्राची हकीकत.

गाडगे महाराजांच्या नावाचा पूल आपणां सर्वांस ठाऊक आहे. महाराज १८७६ साली जन्मले आणि १९५६ साली निवर्तले. नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः मात्र चिंध्यांची गोधडी पांघरून फिरले, म्हणून लोक त्यांस गोधडे महाराजही म्हणत. त्या पुलाखाली २०१२ सालच्या डिसेंबरात आम्ही व पुतण्या गोधड्या घेऊन गेलो असता, भिंतीकडे तोंड करून निजलेला एक गृहस्थ काही केल्या वळेना. उशाशी गोधडी ठेवून आम्ही निघालो. चार पावले गेलो तोच मागून आवाज आला, “मास्तर, हा कोपरा उसवेल.”

परत गेलो. तो उठून बसला होता आणि अंधारातच कोपऱ्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवीत होता. “कोपऱ्यावर दुहेरी टाका पाहिजे. ओढाताण तिथंच होते,” तो म्हणाला. त्याचे म्हणणे बरोबर होते. हे शिक्षण कोठले, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “पोटापुरतं.” आडनाव विचारले तेव्हा गप्प राहिला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, “आज फोटो नाही ना?”

पुढे पाच-सहा भेटींत, तुकड्यातुकड्यांनी, त्याने सांगितले. माणूस आपल्याच समाजातला. तालुक्याच्या गावी दुकान होते, ते बुडाले. मग इकडे दुसऱ्याच्या दुकानात नगावर काम केले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, सुई ओवता येईना, तेव्हा तेही सुटले. बायको आधीच गेलेली. एक मुलगी, चांगल्या घरी दिलेली. तिला त्याने सांगितले होते की शेठच्या दुकानातच राहतो, जेवणाची सोय तेथेच आहे. दिवाळीला दोन दिवस स्वच्छ कपडे करून तो तिच्याकडे जाई. असे तीन वर्षे चालले होते.

२०१० साली संक्रांतीच्या रांगेत तो उभा होता. त्या वर्षीच्या आपल्या स्मरणिकेत अर्ध्या पानाचे छायाचित्र आले. ब्लँकेटाचे एक टोक आमच्या थोरल्या बंधूंच्या हातात, दुसरे त्याच्या. खाली ओळ होती, ‘निराश्रितांस ब्लँकेटवाटप’. छायाचित्र आम्हीच पाठविले होते आणि ती ओळही आमच्याच हातची. स्मरणिका ज्ञातीतील प्रत्येक घरी जाते, तशी ती मुलीच्या सासरीही गेली.

त्यानंतर तो मुलीकडे गेला नाही. मुलगी एकदा नाशकात शोधीत आली होती असे त्याने ऐकले. तेव्हापासून घाट सोडून पुलाखाली, भिंतीकडे तोंड करून निजू लागला.

‘आपल्या ज्ञातीत रस्त्यावर निजणारा एकही मनुष्य नाही, ही अभिमानाची गोष्ट होय,’ हे वाक्य आपल्या वार्षिक अहवालात अनेकदा आले आहे. एका वर्षी अहवाल लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. आम्हीही ते लिहिले. मागील अहवाल पाहून उतरून काढले, असे म्हटल्यास अधिक खरे होईल.

त्याच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया एका धर्मादाय रुग्णालयात झाली. फुकट राहावयास तो तयार होईना. गोधड्यांचे काम देत असाल तर येतो, म्हणाला. दिल्लीच्या ‘गूंज’ संस्थेचे नाव काहींनी ऐकले असेल. अंशू गुप्ता ह्यांनी १९९९ साली ती काढली, सुरुवात घरातल्या ६७ कपड्यांपासून झाली, आणि २०१५ साली त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची रीत अशी की गावकऱ्यांनी विहीर, रस्ता, बांध असे आपल्या गावचे काम करावे आणि कपडे त्या कामाचा मोबदला म्हणून घ्यावेत. हे आम्हांस पुढे वाचून कळले. पुलाखालच्या गृहस्थास ते वाचावे लागले नव्हते.

तो आमच्या ओटीवर पाच हिवाळे बसला. गोधडीच्या कोपऱ्यांस दुहेरी टाका आला तो तेव्हापासून. गुंडाळी करून खांद्यास अडकविण्यासाठी पट्टा लावावा, ही युक्तीही त्याचीच. सकाळी जागा सोडताना सामान कसे वाहावे लागते, हे आमच्या घरात दुसऱ्या कोणास सुचले नसते. स्वभावाने तापट होता. आमच्या सुनांचे टाके तो न विचारता उसवीत असे, आणि त्यावरून घरात दोन-तीनदा बरीच बोलाचाली झाली.

मुलीच्या घरी आम्ही पत्र लिहिले. छायाचित्र आमच्या हातून गेले, दोष आमचा आहे, असे स्पष्ट लिहिले. उत्तर आले नाही. २०१६ सालच्या भाऊबीजेनंतर ती एकटीच आली. दोघे ओटीवर बसले आणि आम्ही सर्व मंडळी आत गेलो. काय बोलणे झाले ते आम्हांस ठाऊक नाही. तासाभराने ती गेली. त्याने उरलेली ओळ पुरी केली आणि मग जेवला. पुढच्या वर्षी पावसाळ्यात तो वारला. मुलगी आणि जावई दोघेही आले होते.

आता कोणी म्हणेल की त्याला छायाचित्रातून वगळावे, दुसऱ्या समाजाच्या माणसाचे छापावे. असे म्हणणारे आम्हांस भेटलेही आहेत. त्या दुसऱ्या माणसालाही कोठे मुलगी असेल. आणि आधी आपल्या लोकांचे पाहा, मग इतरांचे, असेही काहीजण सुचवितात. सिन्नरकडच्या त्या बाईला मातुःश्रींनी जात विचारली नव्हती. कोरडी पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवरायांची आपण लेकरे म्हणवितो. तेव्हा ह्या मुद्द्यावर अधिक बोलत नाही.

शेवटची गोष्ट छपराची. गाडगे महाराजांनी करावयाच्या गोष्टी सांगितल्या त्यात उघड्यानागड्यांना वस्त्र हे एक आणि बेघरांना आसरा हे दुसरे, अशी दोन वेगळी कामे सांगितली. पहिले केले म्हणजे दुसरे झाले, असे आम्ही चाळीस वर्षे समजत होतो. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे बेघर म्हणून मोजली गेली; महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार. रात्री निजलेल्यांची मोजणी कितपत पुरी झाली असेल हे, जनगणनेचे काम केलेल्या शिक्षकांस विचारावे. दिल्लीतील थंडीच्या बळींनंतर २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांतील रात्रनिवाऱ्यांचा प्रश्न हाती घेतला, आणि दर एक लाख लोकवस्तीस एक निवारा, तोही बारमाही, असे प्रमाण ठरले. २०१३ साली केंद्र सरकारने त्यासाठी योजनाही आखली. २०११ च्या गणनेनुसार नाशिक शहराची वस्ती १४ लाख ८६ हजार. म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने पंधरा निवारे. ते पुरविणे हे सरकारचे व महापालिकेचे काम आहे, आणि त्यासाठी अर्ज-विनंत्या आम्ही करीत असतो. पण ते काम पुरे होईपर्यंत हिवाळा थांबत नाही.

आपल्या मंगल कार्यालयाचे खालचे दालन आम्ही पावलांनी मोजले आहे. त्यात पंचवीस माणसे सहज निजतील. मागील बाजूस नळ आणि दोन शौचकूप आहेत. पौष महिन्यात आपल्याकडे लग्ने होत नाहीत. कार्यालय महिनाभर बंद असते आणि गुरखा तेवढा तेथे राहतो. आणि पौष हाच नाशकात कडक थंडीचा महिना. रात्री आठला दार उघडावे, सकाळी सातला झाडून-पुसून बंद करावे, एवढीच आमची मागणी आहे.

हरकती आम्हांस ठाऊक आहेत. मागील वर्षी कार्यकारी मंडळापुढे हा विषय निघाला तेव्हा घाण होईल, चोरी होईल, पुढे लग्नाला लोक हे कार्यालय घेणार नाहीत, असे म्हटले गेले. घाणीचे म्हणाल तर लग्नाच्या पंगतीनंतर ते दालन आम्ही पाहिले आहे. चोरीसाठी तेथे शंभर सतरंज्यांखेरीज काही नाही, आणि त्या खाली अंथरावयासच हव्या आहेत. पोलीस ठाण्यास आधी लेखी कळवावे लागेल. तो मसुदा आम्ही तयार करून आणला आहे. लग्नाला लोक कार्यालय घेणार नाहीत ह्या हरकतीस मात्र आमच्याजवळ उत्तर नाही. कदाचित काही जण घेणार नाहीत. तो तोटा किती होईल ह्याचा अंदाज खजिनदारांनी करावा आणि सभेपुढे ठेवावा. आमच्या घराची थंडीच्या कामाची वर्गणी त्यात वळती करण्यास आम्ही तयार आहोत.

दालनाची किल्ली व्यवस्थापकांकडे असते. सभेने अनुमती दिल्यास पौष शुद्ध प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत रोज रात्री आमच्या घरातील दोघेजण तेथे निजावयास येतील. थोरल्या बंधूंची प्रकृती हल्ली बरी नसते आणि पुतण्याची नोकरी पाळीची आहे, म्हणून पहिला आठवडा आमच्या नावावर लिहून घ्यावा.